पाहुण्याचं पाणी

आमचे सर दुसऱ्यांच्या पानातलं उष्टं खात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे बाकीचं ऐकताना कुणाला धक्का बसणार नाही. चर्चासत्राचं जेवण उरकून पाहुणे हात धुवायला उठले की सर रिकाम्या खुर्च्यांमधून फेरी मारत. कुणी टाकलेलं खमण, कुणाची अर्धी पुरी, कुणी नुसती कोपऱ्यात कुरतडून ठेवलेली घारी असं उचलत आणि निवांत तोंडात टाकत. एकदा दिल्लीहून आलेल्या एका विदुषींनी हे पाहिलं आणि संस्था प्राध्यापकांना पगार वेळेवर देते ना, असं आमच्या संचालकांना हळूच विचारलं. संचालकांनी सरांना खोलीत बोलावून घेतलं. सर बाहेर आले ते घारीचा तुकडा चघळतच.

"दिवसभर अन्नसुरक्षेवर बोलले अन् निम्मं अन्न टाकून गेले," ते मला म्हणाले. "आता लाजायचं कोनं बाई, मी का त्यायनं?"

बाई म्हणजे मी. नुकती एम. ए. झालेली, वडील सुरतेतच बँकेत, त्यामुळे घरात मराठी आणि जिना उतरला की गुजराती अशी वाढलेली. सरांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून लागले तेव्हा मला वाटलं होतं की आपण आता जगाचे प्रश्न सोडवणार. प्रत्यक्षात पहिले काही महिने मी सरांसाठी जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. कोरा कागद वापरणं म्हणजे झाड तोडणं, असं त्यांचं मत होतं, म्हणून आमच्या सगळ्या नोंदी लग्नपत्रिकांच्या पाठीवर होत. सुरतेतल्या व्यापाऱ्यांच्या पत्रिका जाडजूड आणि सोनेरी किनारीच्या. त्यांच्या मागे मी कुपोषणाचे आकडे लिहीत असे.

प्लेग येऊन गेल्यानंतरची ती वर्षं. ज्या शहराचं नाव काढलं की लोक नाकाला रुमाल लावत, ते शहर धुऊनपुसून लख्ख झालं होतं आणि त्याचा अभ्यास करायला लांबून लांबून माणसं येत होती. आमच्या संस्थेलाही अनुदान मिळालं. अन्न, पाणी आणि पर्यावरण यांचा एकत्र अभ्यास करायचा होता. एकत्र का, तर वेगवेगळ्या अभ्यासांना वेगवेगळं अनुदान मिळालं नसतं म्हणून. सर मूळचे अमरावतीकडचे, निवृत्तीला आलेले, एकटे राहणारे. त्यांना हा विषय दिला गेला कारण दुसरं कुणी उन्हात फिरायला तयार नव्हतं. सरांचा मात्र समज असा की हा विषय त्यांच्यासाठी जन्माला आला आहे.

ते ज्या खोलीत शिरत तिथला पंखा पर्यावरणासाठी बंद करत. मे महिन्यात, सुरतेत, संचालकांच्या खोलीतलासुद्धा. पाण्याच्या बाबतीत तर ते अगदी असह्य होते. रस्त्यात कुणी स्कूटर धुताना दिसला की थांबून त्याचा तास घ्यायचे. एकदा एका पोलिसाचा घेतला आणि मला मध्ये पडावं लागलं. ऑफिसात कुणाच्या पेल्यात घोटभर पाणी उरलं तर ते खिडकीतल्या मनीप्लँटला घालायचं, असा त्यांचा हुकूम होता. सगळ्या स्टाफचं उरलेलं पाणी पिऊन पिऊन तो मनीप्लँट मुळापासून कुजला. सरांनी त्याला पाण्याच्या असमान वाटपाचा बळी ठरवलं आणि दुसरा आणला. तोही गेला.

आता त्यांच्या पद्धतीविषयी. 'पद्धत' हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याने उभं राहावं. कुठल्याही वस्तीत घरात शिरलं की प्रश्न विचारायचे नाहीत. आधी पाणी मागायचं. पाणी त्यांच्या स्वतःच्या पितळी पेल्यात घ्यायचं, जो ते रुमालात गुंडाळून झोळीतून वागवत. पहिला घोट तोंडात धरायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा: गोड, मचूळ किंवा खारं. मी तो पत्रिकेच्या पाठीवर टिपायचा. पाण्यानंतर अन्न, म्हणजे काल रात्री घरात काय शिजलं ते विचारायचं. लोकांना सांगता येतं ते खोटं असतं आणि जिभेला कळतं ते खरं, असं त्यांचं तत्त्वज्ञान. प्रयोगशाळेचा त्यांना मनापासून तिटकारा होता. प्रयोगशाळावाले बाटलीतलं पाणी तपासतात, मी घरातलं तपासतो, असं ते अभिमानाने सांगायचे. या पद्धतीने त्यांना दोनदा कावीळ आणि एकदा विषमज्वर झाला होता. ते त्याला क्षेत्रकार्याचा अनुभव म्हणत.

आणि गंमत अशी की एका परदेशी प्राध्यापकाला ही पद्धत फार आवडली. तो आठवडाभर आला, सरांबरोबर कोसाडला आणि कडोदऱ्याच्या रस्त्याला वस्त्यांमधून फिरला, स्वतः मात्र सीलबंद बाटलीतलं पाणी प्यायला आणि जाताना सरांना त्याच्या देशात निबंध वाचायचं आमंत्रण देऊन गेला. सर आयुष्यात विमानात बसले नव्हते. तिथे थंडी असते म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून एक काळा कोट आणला आणि अंगाला सवय व्हावी म्हणून ऑफिसात घालून बसायला लागले. पंखा अर्थातच बंद. त्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात कामानिमित्त येणाऱ्यांची संख्या बरीच कमी झाली.

याच सुमारास पाणीखात्याने संस्थेकडे एक विचारणा केली. नव्या पाइपलाइनच्या पहिल्या टप्प्यात शहराच्या कडेच्या कोणत्या वस्त्या घ्याव्यात, कुठे पिण्याच्या पाण्याचे खरे हाल आहेत, ते अभ्यास करून सांगा. सरांनी पेला उचलला.

भेस्तानच्या मागे मागकामगारांची एक वस्ती होती. सगळी खानदेशातली माणसं: शिरपूर, अमळनेर, नंदुरबार. पुरुष पॉवरलूमवर, बायका घरात बसून साड्यांचे सुटे धागे कापायच्या. तिथे लिलाबाई म्हणून एक होती. वस्तीत कुणाकडेही जायचं असलं तरी आधी तिच्या दारात थांबायचं, असा रिवाजच पडला होता. ती आम्हाला गोणपाट अंथरून द्यायची आणि सरांच्या पेल्यात हंडीतून पाणी ओतायची. सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, गोड. पुढच्या घरी गोड. त्याच्या पुढच्या घरीही गोड. गल्लीच्या टोकापर्यंत सरांची जीभ गोडच सांगत राहिली, आणि मी प्रत्येक नवरा-नवरीच्या नावामागे 'गोड' लिहीत गेले.

अन्नाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सरांना खटकली. या वस्तीत डाळ कमी खाल्ली जात होती. भाव तेच, मजुरी तीच, कोसाडला लोक डाळ खातात, इथे मात्र मिरचीचा ठेचा, कांदा आणि भाकरी. सरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मला वाक्य सांगितलं. या स्थलांतरितांना डाळीची सांस्कृतिक नावड आहे. मी चाचरत म्हटलं, सर, खानदेशात वरण-बट्टीशिवाय पान हलत नाही. सरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. स्थलांतरात आवडी बदलतात बाई, असं ते म्हणाले, आणि ते वाक्य अहवालात गेलं. खानदेशी माणसाला डाळ आवडत नाही असं छातीठोकपणे सांगणारा तेवढा एकच अहवाल असावा. आमच्या आईने तो वाचला आणि हसत हसत स्वयंपाकघरात निघून गेली.

पाणीखात्याने अहवाल स्वीकारला. भेस्तानमागची ती वस्ती पहिल्या टप्प्यातून वगळली गेली, कारण तिथलं पाणी उत्तम होतं. सरांच्या जिभेने तसं प्रमाणपत्र दिलं होतं.

मग परदेशच्या निबंधासाठी एक फोटो हवा झाला. संशोधक वस्तीतल्या घरी पाणी पितो आहे, असा. आम्ही एका दुपारी न कळवता लिलाबाईकडे गेलो. माझ्या गळ्यात ऑफिसचा कॅमेरा आणि सरांच्या अंगात तो कोट. लिलाबाई स्टोव्हपाशी बसली होती. तिचा भाऊ शिरपूरहून संध्याकाळी येणार होता आणि त्याच्यासाठी ती वरण करत होती. सकाळपासून डाळ रटरटत होती, पण दाणान् दाणा अख्खा. ती वैतागून स्टोव्हला पंप मारत होती.

सरांनी पेला पुढे केला. लिलाबाईने कोपऱ्यातल्या हंडीवरचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. हंडी रिकामी होती. तिने मुलीला शेजारी पिटाळलं. शेजारणीकडे नव्हतं. शेजारणीने पुढच्या घरी हाक मारली. बघता बघता गल्लीभर बायका या दारातून त्या दारात करू लागल्या, आणि सर कोटात घाम गाळत, पेला हातात धरून, हे सगळं पाहत बसले. शेवटी कुणीतरी एका छोट्या लोटीत तळाशी असलेलं पाणी पदराने झाकून आणलं. बाळाला पाजायला ठेवलं होतं म्हणे.

सर चक्रावले. दाराशीच निळा ड्रम काठोकाठ भरलेला होता. एवढं पाणी असताना ही धावपळ कशाला, असं त्यांनी विचारलं. लिलाबाई म्हणाली, ते बोअरचं, खारं आहे. गोडं पाणी रेल्वेच्या पलीकडच्या मंदिरातून आणतो, दोन दिवसांपासून तिथली मोटार जळली आहे. आणि खाऱ्या पाण्यात ही डाळ बघा, सकाळपासून नाचतेय. घासलेट संपतं पण डाळ शिजत नाही, म्हणून आम्ही डाळच करत नाही.

"मंग मी आजवर तुमच्याकडे पेलो ते?" सरांनी विचारलं.

"ते तुम्हनासाठे," ती म्हणाली. मग तिला वाटलं असावं की या शिकलेल्या माणसाला नीट समजावून सांगायला हवं. "पाव्हनाले कोनी खारं पानी देस का, सर?"

मी फोटो काढला नाही. सरांचा चेहरा असा झाला होता की तो कुठल्याही निबंधात छापता आला नसता. त्यांनी बाळाचं पाणी परत पाठवलं आणि पेला ड्रमकडे धरून म्हणाले, मला यातलं द्या. लिलाबाई नाही म्हणाली. त्यांनी विनवलं, हा अभ्यासाचा प्रश्न आहे म्हणाले, मग हा तुमच्याच भल्याचा प्रश्न आहे म्हणाले. ती ड्रमसमोर उभी राहिली. भाऊ यायच्या दिवशी दारातल्या माणसाला खारं पाणी पाजलं असं तिला ऐकून घ्यायचं नव्हतं. जन्मभर पाण्याचा अभ्यास केलेल्या माणसाला एक घोट वाईट पाणी मिळेना. त्या दिवशी मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मला त्या दोघांचीही फार दया आली.

दुसऱ्या दिवशी सर बाटली घेऊन गेले, बोअरचं पाणी भरून आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रयोगशाळेची पायरी चढले. तिथल्या पोराने 'खारं, पिण्याजोगं नाही' असा आलेला निकाल सहज वाचून दाखवला. तो निकाल घेऊन सर मला सोबत घेऊन पाणीखात्याच्या साहेबांकडे गेले. साहेब सज्जन होते, चहा मागवला.

"साहेब, सर्टिफिकेट तो तमे ज आप्युं छे," ते म्हणाले; सर्टिफिकेट तर तुम्हीच दिलंत. यादी मंजूर झाली होती. एका बाजूला एवढा मोठा अहवाल आणि दुसऱ्या बाजूला एक बाटली. पुढच्या टप्प्यात नाव घालायचं तरी अहवाल चुकला आहे असं खुद्द करणाऱ्याने जाहीरपणे म्हणायला हवं, नाहीतर वर कोण ऐकणार? सरांनी तो चहा संपवला. माझाही संपवला.

मला पुढचं आठवतं ते महिन्याभरानंतरचं चर्चासत्र. तो परदेशी प्राध्यापक पहिल्या रांगेत, पाणीखात्याचे साहेब व्यासपीठावर, टेबलावर सीलबंद बाटल्या आणि मागे फलकावर आमचे तिन्ही विषय झेंडूच्या माळेत. संचालकांनी सरांच्या पद्धतीची ओळख करून दिली, जग आता सुरतेकडे पाहत आहे वगैरे. सर उठले. कोट नव्हता.

"मी घराघरात पाणी पेलो," ते म्हणाले. "पण घरातलं पाणी मले कोनीच देल्लं नाही. मले पाहुण्याचं पाणी देल्लं अन् मी ते मोजून आलो. माझी पद्धत चूक आहे. त्या वस्तीचं पाणी खारं आहे, अन् त्यायले डाळ आवडते."

सभागृहात टाळ्या कडाडल्या. लोकांना ती विनम्रता वाटली. एका वक्त्याने नंतर 'संशोधकाचा विनय' यावर दहा मिनिटं घेतली. परदेशी प्राध्यापकाला मी कानाशी इंग्रजीत सांगत होते, त्याला मात्र नेमकं कळलं. त्याने जेवणाच्या वेळी सरांचा हात बराच वेळ हातात धरला आणि परत गेल्यावर कळवलं की कार्यक्रमपत्रिकेत जागेची फार अडचण झाली आहे. साहेबांनी शब्द पाळला, वस्तीचं नाव पुढच्या टप्प्यात घातलं. पुढचा टप्पा म्हणजे काय ते सरकारी कामाची माहिती असलेल्याला सांगायला नको. सरांचा कोट खुंटीवर राहिला. पावसाळ्यात त्याला बुरशी आली.

शहाण्या माणसाने यानंतर विषय बदलला असता. सरांनी काय करावं? त्यांनी दर रविवारी लिलाबाईकडे जाऊन बसायला सुरुवात केली. फॉर्म नाही, प्रश्न नाहीत. जायचं, गोणपाटावर बसायचं, धागे कापायला लागायचं. पहिल्यांदा त्यांनी एक साडीच कापली आणि लिलाबाईचा नवरा, जो रात्रपाळी करून झोपलेला होता, उठून हसायला लागला. मी विचारलं, सर, आता काय अभ्यास चालू आहे? ते म्हणाले, पाहुणा किती दिवसांत पाहुणा राहत नाही याचा. दर रविवारी त्यांना हंडीतलं गोड पाणी मिळायचं आणि दर सोमवारी ते परीक्षेत नापास झाल्यासारखं तोंड घेऊन ऑफिसात यायचे. मीही मधूनमधून जाऊ लागले. अशाने पाणीखातं हलणार नव्हतं आणि संस्थेला दमडीचा उपयोग नव्हता. संचालकांनी तसं बोलूनही दाखवलं.

मग एका रविवारी, हिवाळा लागला होता, लिलाबाईकडे माल परत द्यायची घाई होती. साड्यांचा ढीग, हातात कात्री, मान वर करायला फुरसत नाही. सरांनी पाणी मागितलं. तिने मान न उचलता कात्रीनेच ड्रमाकडे दाखवलं.

"पानी तठे शे, ल्या ना."

सर उठले. ड्रमाचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि उभ्या उभ्या प्यायले. मग दुसरा पेला प्यायले. मी त्यांच्याकडे पाहत होते. खारं पाणी पिणाऱ्या माणसाचं तोंड जसं व्हायला हवं तसंच त्यांचं झालं होतं, पण डोळ्यांत पाणी होतं आणि ते खाऱ्यामुळे नव्हतं. सोमवारी ऑफिसात त्यांनी संचालकांपासून पट्टेवाल्यापर्यंत प्रत्येकाला थांबवून सांगितलं की मला खारं पाणी मिळालं. लोकांना वाटलं, उष्टं खाऊन खाऊन शेवटी डोक्यावर परिणाम झाला.

तो पुढचा टप्पा खरोखर आला तेव्हा सर निवृत्त झाले होते आणि अमरावतीला परत निघायचं ठरलं होतं. जाण्याआधी ते निरोप घ्यायला लिलाबाईकडे गेले. मीही गेले. गल्लीत पाइपसाठी खोदलेले चर बुजवलेले होते, पण सरांचं लक्ष नव्हतं. ते कसनुसे झाले होते. लिलाबाईने आज गोणपाटाऐवजी सतरंजी घातली होती. स्टोव्हवर वरण उकळत होतं. तिने हंडीतून पाणी ओतलं, आणि तेही त्यांच्या पेल्यात नाही, स्टीलच्या ग्लासात, खाली ताटली धरून.

सरांनी घोट तोंडात धरला. डोळे मिटले. बऱ्याच वेळाने गिळला. मग ग्लास हळूच ताटलीत ठेवला.

"लिलाबाई," ते म्हणाले, "आता मी जाऊन राह्यलो तर मले परत पाहुणा केलं का?"

त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता, त्या चर्चासत्रातसुद्धा नाही. लिलाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती उठली. तिने तीच हंडी काखेत घेतली, मोरीतल्या नव्या नळापाशी गेली आणि सकाळपासून पडलेल्या खरकट्या भांड्यांवर भडाभडा ओतली. पाणी उडालं, दारापर्यंत वाहत आलं, सतरंजीची कड भिजली.

"पाव्हनानं पानी कोनी भांडासवर वतस का, सर?" तिने मोरीतूनच विचारलं.

आमचे सर, ज्यांनी स्कूटर धुणाऱ्या पोलिसाला रस्त्यात अडवलं होतं, ते त्या वाहत्या पाण्याकडे पाहत बसले. मी त्यांच्या तासाची वाट पाहिली. त्यांनी ताटलीतला ग्लास उचलला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.